चिमणीतला सीओटू पकडायचाय? आधी फाईल उघडा

नवी मुंबईत महाप्याच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या परवानग्यांची कामं मी करते. हल्ली परदेशी गिऱ्हाईक कार्बनचा हिशेब मागायला लागल्यापासून मालक विचारतात, "मॅडम, बॉयलरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडून जमिनीत घातला तर कुठला कायदा लागतो?" यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये धोरणाचा आराखडा मांडला, पण त्यावर परवाना मिळत नाही. म्हणून कामाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला आहे तोच कायदा लावायचा.

सुरुवात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटपासून, म्हणजे कारखाना चालवायच्या संमतीपत्रापासून. तुमचा जुना कन्सेंट काढा आणि चिमण्यांचा तक्ता बघा: उंची, इंधन, धुळीचे कण, सल्फर डायऑक्साइड. सीओटूचा रकाना सहसा नसतोच. त्यावरून 'म्हणजे परवानगी नको' असा सोयीचा अर्थ काढू नका. सीओटू पकडतात तो अमाईन नावाच्या रसायनात शोषून. ते अमाईन पुन्हा वापरायचं तर ते तापवावं लागतं, त्याला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर जास्त जळतो. म्हणजे ज्या तक्त्यात सीओटू नाही, त्याच तक्त्यातलं इंधन वाढलं! शिवाय वापरून खराब झालेलं अमाईन आलंच. ते २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली दाखवा आणि त्याची विल्हेवाट कुठे लागणार ते आधी ठरवा. सांडपाण्याच्या गटारात सोडून चालत नाही. सीओटू शोषणाऱ्या टॉवरची ऑर्डर द्यायच्या आधी कन्सेंटमध्ये बदल करून घ्या. सप्लायर म्हणतो, "नंतर होतं हो." त्याला पैसे मिळालेले असतात, नोटीस तुम्हाला येते.

प्लॉट खाडीच्या बाजूला असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या नियमांचा, नकाशाही बघून घ्या. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्यामुळे तिथे ढिलाई चालत नाही.

पकडलेला सीओटू ठेवायच्या टाकीचा विषय पेसोकडे, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे. त्यांचं मुख्यालय नागपूरला, पण आपल्या जवळचं कार्यालय सीबीडी बेलापूरच्या सीजीओ संकुलात आहे. हजार लिटरच्या वरची दाबाची टाकी २०१६ च्या एसएमपीव्ही (स्थिर आणि फिरत्या दाबपात्रांच्या) नियमांत येते, त्याखालची सिलिंडरच्या नियमांत. टाकी बनवून मग ड्रॉइंग पाठवण्याचा शहाणपणा करू नका. द्रवरूप सीओटू साधारण २० बार दाबाला, उणे २० अंशांच्या आसपास ठेवतात.

जागा निवडताना खड्डा, तळघर, केबलची चर यांच्यापासून लांब राहा. हा वायू हवेच्या दीडपट जड, रंग नाही, वास नाही. गळला की खाली साचतो. म्हणून सेन्सर छताला नाही, गुडघ्याच्या उंचीला लावा. आठ तासांच्या पाळीसाठी ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग) ही नेहमीची मर्यादा, अलार्म त्याच्या खालीच ठेवा.

आता जमिनीखालचं. "मॅडम, आपल्याखाली सगळा काळा पाषाणच आहे ना, आइसलँडमध्ये त्यातच जिरवतात." खरं आहे. तिथे कार्बफिक्स या प्रकल्पाने बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, सोडलेल्या सीओटूचा बहुतेक भाग दोन वर्षांत दगड झाला. पण तिथे त्यामागे कायदा आहे. युरोपच्या २००९ च्या निर्देशानुसार सीओटू सोडायची विहीर बंद केल्यावर साधारण किमान २० वर्षं जबाबदारी कंपनीची, अटी पुऱ्या झाल्या की मग सरकारची. अमेरिकेत २०१० पासून अशा, म्हणजे 'क्लास सहा' विहिरींचा परवाना लागतो आणि बंद केल्यावर ५० वर्षं देखरेख हा ठरलेला पाया आहे. आपल्याकडे बोअर मारून सीओटू सोडला आणि शेजारच्या विहिरीचं पाणी बिघडलं, तर २० वर्षांनी कुणाच्या दारात जायचं हे ठरलेलंच नाही. छोट्या कारखान्याने या वाटेला जाऊच नये.

मग पकडलेल्याचं करायचं काय? ड्राय आइसवाले, अग्निशामक भरणारे, सोडावाले घेतात. खाण्यापिण्यात जाणार असेल तर शुद्धतेची वेगळी तपासणी. मात्र तो 'साठवला' म्हणून गिऱ्हाइकाला दाखवू नका, ढेकरेसरशी तो परत हवेत येतो. कार्बन क्रेडिटचं, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचं, आमिष दाखवणारे सल्लागार फिरताहेत. केंद्र सरकारची ती योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. ऊर्जा दक्षता ब्युरोने तुमच्या प्रकारच्या कामाची पद्धत प्रसिद्ध केली आहे का, ते बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

विक्रीच्या करारात दोन ओळी हव्यातच: टँकरची नळी जोडली की कुठल्या फ्लँजपासून (नळीच्या जोडापासून) माल आणि जोखीम घेणाऱ्याची, आणि वजनाला कुणाच्या काट्याची पावती धरायची.