प्रॉक्सी आणि जुनं एचटीटीपी १.० : या चुका टाळा

ब्राउझरवर साइट मस्त चालते पण प्रॉक्सीमागे (प्रॉक्सी म्हणजे क्लायंट आणि खरा सर्व्हर यांच्या मधे बसून रिक्वेस्ट पुढे पाठवणारा सर्व्हर) नवी सर्व्हिस टाकली की ४२६ हा एरर कोड येतो, किंवा वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं उघडं राहणारं कनेक्शन) जोडलंच जात नाही, किंवा रिपोर्टची फाइल कधीकधी अर्धीच उतरते. तक्रारी तीन, पण मूळ बऱ्याचदा एकच निघतं, मधे कुठेतरी एचटीटीपी १.० चालू असतं आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. १.० चा आरएफसी, म्हणजे त्याचे नियम मांडणारा दस्तऐवज, मे १९९६ चा, १.१ चा पहिला आरएफसी जानेवारी १९९७ चा, म्हणजे गोष्ट जुनी आहेच, पण ती संपलेली नाहीये. आणि ते वापरणारा दरवेळी एखादा जुनाट क्लायंट असतो असंही नाही, बरेचदा तुमचा प्रॉक्सीच मागे १.० बोलत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रॉक्सीला एक सरळ पाइप समजणं. क्लायंट ते प्रॉक्सी हे एक कनेक्शन, प्रॉक्सी ते बॅकएंड (मागचा खरा सर्व्हर) हे वेगळं कनेक्शन, आणि दोन्हीकडचं व्हर्जन आपापलं ठरतं. ब्राउझर पुढून एचटीटीपी २ ने येतोय, ॲक्सेस लॉगमधे पण २.० दिसतंय, म्हणून मागेही तसंच जात असणार असं लोक धरून चालतात. एनजिनएक्स या प्रॉक्सी म्हणून खूप वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरमधे प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन या डायरेक्टिव्हचा (कॉन्फिगमधल्या सेटिंगचा) डिफॉल्ट वर्षानुवर्षे १.० राहिलाय, आणि डिस्ट्रोच्या पॅकेजमधून बसवलेल्या कितीतरी सर्व्हरवर अजून तोच आहे. त्यामुळे डिफॉल्ट काय आहे हे आठवत बसण्यापेक्षा कॉन्फिगमधे स्पष्ट १.१ लिहून टाका, नंतर फाइल वाचणाऱ्यालाही कळतं.

आता नुसतं १.१ लिहून काम होत नाही, इथेच पुढची चूक होते. लोक अपस्ट्रीम ब्लॉकमधे (जिथे बॅकएंडची यादी असते) कीपअलाइव्ह ३२, म्हणजे ३२ रिकामी कनेक्शन उघडी ठेव, असं लिहितात आणि समजतात की झालं, कनेक्शन परत वापरली जातील. पण जुन्या डिफॉल्टप्रमाणे एनजिनएक्स मागे कनेक्शन : क्लोज हा हेडर पाठवतो, मग बॅकएंड प्रत्येक उत्तरानंतर दार लावून घेणारच ना. तीन गोष्टी एकत्र लागतात, अपस्ट्रीममधे कीपअलाइव्ह, व्हर्जन १.१, आणि प्रॉक्सी_सेट_हेडर ने कनेक्शन हेडर रिकामा करणं. यात अजून एक खोच आहे जी भल्याभल्यांना चकवते : प्रॉक्सी_सेट_हेडर वरच्या ब्लॉकमधून खाली तेव्हाच उतरतो जेव्हा खालच्या ब्लॉकमधे तोच डायरेक्टिव्ह एकदाही लिहिलेला नसतो. सर्व्हर ब्लॉकमधे तुम्ही कनेक्शन रिकामा केलात, मग कुणीतरी एका लोकेशनमधे फक्त एक्स-रिअल-आयपी ची एक ओळ घातली, की त्या लोकेशनपुरत्या वरच्या सगळ्या ओळी गेल्या, होस्टची पण गेली. कॉन्फिग टेस्ट व्यवस्थित पास होते, एरर कुठेच नाही. त्यामुळे सगळे हेडर एका वेगळ्या फाइलमधे ठेवून प्रत्येक लोकेशनमधे ती इन्क्लूड करा, हे मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

हे नाही केलं तर कमी ट्रॅफिकवर काहीच कळत नाही, ट्रॅफिक वाढला की एरर लॉगमधे एरर ९९ दिसायला लागते, कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी डिफॉल्ट पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे साधारण २८ हजार, आणि आधी बंद करणाऱ्या बाजूला ते कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेट मधे पडून राहतं. प्रॉक्सी आधी बंद करत असेल तर एकाच बॅकएंड आयपी आणि पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवीन कनेक्शन झाली की पोर्ट संपले. मग लोक इंटरनेटवर शोधून टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल चालू करायला जातात. ते करू नका, नॅटच्या मागच्या, म्हणजे एकच आयपी वाटून घेणाऱ्या, ग्राहकांची कनेक्शन त्यात अधूनमधून तुटायची, आणि लिनक्स ४.१२ पासून ते काढूनच टाकलंय. पोर्टची रेंज वाढवून थोडा वेळ मिळतो, पण खरा इलाज कीपअलाइव्हच.

४२६ चं बघू. एन्व्हॉय हा दुसरा एक प्रॉक्सी डिफॉल्टने १.० ची रिक्वेस्ट घेत नाही, सरळ ४२६ अपग्रेड रिक्वायर्ड देतो. इस्टिओमधे (सर्व्हिसेसमधला ट्रॅफिक सांभाळणाऱ्या सर्व्हिस मेशमधे) साइडकार म्हणून, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसच्या शेजारी बसणारा प्रॉक्सी म्हणून, एन्व्हॉयच असतो, त्यामुळे समोर जुना एनजिनएक्स आणि मागे इस्टिओ अशी जोडी जमली की पहिल्याच दिवशी हे दिसतं, आणि टीम ॲप्लिकेशनचा कोड चाळत बसते, खरं तर रिक्वेस्ट ॲप्लिकेशनपर्यंत पोचलेलीच नसते. इथे घाईत होणारी चूक म्हणजे एन्व्हॉयमधे ॲक्सेप्ट_एचटीटीपी_१० ट्रू करून मोकळं होणं, किंवा इस्टिओडीला (इस्टिओच्या नियंत्रण करणाऱ्या भागाला) पायलट_एचटीटीपी१० हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देणं, जे अख्ख्या मेशला लागू होतं. एनजिनएक्स तुमच्या हातात असेल तर तिथे १.१ करा, एन्व्हॉयला हात लावूच नका. समोरचा क्लायंट खरोखर बदलता येत नसेल, म्हणजे फर्मवेअर अपडेट न मिळणारं एखादं जुनं उपकरण किंवा सॉकेटवर हाताने लिहिलेला प्रोग्राम, तरच तो पर्याय चालू करा, आणि सोबत डिफॉल्ट_होस्ट_फॉर_एचटीटीपी_१० पण द्या, कारण १.० मधे होस्ट हेडर सक्तीचा नाही आणि तो नसला तर एन्व्हॉयला कुठल्या राउटवर न्यायचं हेच कळणार नाही. लोड टेस्ट करताना पण हे लक्षात असू द्या, अपाचेबेंच म्हणजे एबी हे टूल १.० नेच रिक्वेस्ट मारतं, त्यामुळे एन्व्हॉयवर सगळ्याच्या सगळ्या रिक्वेस्ट फेल दिसतील आणि सर्व्हिस मात्र ठणठणीत असेल.

१.० च्या रिक्वेस्टमधे होस्ट हेडर नसल्यावर एनजिनएक्स ती नाकारत नाही, डिफॉल्ट सर्व्हरकडे देतो, आणि तुम्ही डिफॉल्ट नेमला नसेल तर त्या पोर्टवरचा फाइलमधला पहिला सर्व्हर ब्लॉक डिफॉल्ट होतो. म्हणजे एका साइटचा डेटा मागणाऱ्या उपकरणाला भलत्याच साइटचं पान जातं, तेही २०० कोडसकट. जुनी उपकरणं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा पोर्ट द्या आणि त्यावर एकच सर्व्हर ब्लॉक ठेवा.

अर्ध्या फाइलची गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती गुपचूप होते. १.० मधे चंक्ड एन्कोडिंग, म्हणजे उत्तर तुकड्यातुकड्यांनी लांबी सांगत पाठवण्याची सोय, नाही. बॅकएंडने कंटेंट-लेंग्थ दिली नाही तर कनेक्शन बंद झालं म्हणजे उत्तर संपलं, एवढीच खूण असते. समजा तुमचं ॲप्लिकेशन मोठी सीएसव्ही तयार करत करत पाठवतंय आणि मधेच प्रोसेस मेली, सॉकेट बंद झालं, तर प्रॉक्सीच्या नजरेत ते पूर्ण उत्तर आहे. लॉगमधे २००, एरर लॉग कोरा. प्रॉक्सी कॅश चालू असेल तर ती अर्धी फाइल कॅशमधे जाऊन बसते आणि पुढच्या प्रत्येकाला तीच मिळते. मागे १.१ असेल तर बॅकएंड चंक्ड पाठवतो, शेवटचा शून्य लांबीचा चंक आला नाही की एनजिनएक्सला कळतं की मधेच तुटलं, आणि अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन अशी नोंद पडते. ही एरर दिसायला लागली म्हणून १.१ वर येऊन बिघडलं असं समजून परत १.० वर जाऊ नका, बिघाड आधीही होताच, फक्त आता तो दिसतोय. १.० चाच क्लायंट असेल तर त्याच्यासाठी कंटेंट-लेंग्थ नक्की जाईल अशी सोय बॅकएंडमधे करा, आणि क्लायंटला ती तपासायला लावा.

वेबसॉकेटला १.१ आणि अपग्रेड हेडर दोन्ही लागतात, हे बहुतेकांना माहीत असतं, पण मग कनेक्शन : अपग्रेड हे सगळ्याच लोकेशनला चिकटवून टाकतात आणि साध्या रिक्वेस्टचं कीपअलाइव्ह घालवतात. एनजिनएक्सचा मॅप डायरेक्टिव्ह (एका व्हेरिएबलवरून दुसऱ्याची किंमत ठरवणारा) वापरून क्लायंटकडून अपग्रेड आला असेल तरच पाठवा, नाहीतर रिकामा ठेवा.

बाकी बारीकसारीक. मागचा सर्व्हर पण एनजिनएक्स असेल तर जीझिप_एचटीटीपी_व्हर्जन चा डिफॉल्ट १.१ असल्यामुळे १.० ने येणाऱ्या प्रॉक्सीला तो कॉम्प्रेस करून देतच नाही. अपाचेच्या जुन्या कॉन्फिगमधे एमएसआयई असलेली ब्राउझरमॅचची ओळ आणि तिच्यात डाउनग्रेड-१.० सापडेल, इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातली आहे, काढून टाका. फोर्स-प्रॉक्सी-रिक्वेस्ट-१.० पण शोधा, कुणीतरी कधीतरी तात्पुरतं म्हणून टाकलेलं असतं.

तपासताना नेमकं कुठे बघायचं हे महत्त्वाचं आहे. प्रॉक्सीच्या लॉगमधलं सर्व्हर_प्रोटोकॉल फक्त क्लायंटच्या बाजूचं व्हर्जन सांगतं. मागचं बघायचं तर बॅकएंडच्या ॲक्सेस लॉगमधली रिक्वेस्टची ओळ बघा, नाहीतर बॅकएंडच्या पोर्टवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं टूल) लावा, पहिल्याच ओळीत व्हर्जन दिसतं. उत्तराच्या स्टेटस लाइनवरून अंदाज बांधू नका, एनजिनएक्स १.० च्या रिक्वेस्टलाही एचटीटीपी/१.१ असंच उत्तर लिहितो. पुढची बाजू तपासायला कर्ल या कमांड-लाइन टूलचा --एचटीटीपी१.० हा फ्लॅग आहे, आणि होस्ट हेडर रिकामा देऊन उपकरणासारखी रिक्वेस्ट मारता येते. कर्लने रिसिव्ह्ड एचटीटीपी/०.९ व्हेन नॉट अलाउड म्हटलं तर समोर खरंच ०.९ चा सर्व्हर असण्याची शक्यता जवळपास नाही, तो पोर्ट दुसरंच काहीतरी बोलतोय, बऱ्याचदा जीआरपीसीचा (सर्व्हिसेसनी एकमेकींना कॉल करायच्या पद्धतीचा) एचटीटीपी २ निघतो. --एचटीटीपी०.९ टाकून एरर दाबू नका, पोर्ट तपासा.

एचएप्रॉक्सी हा प्रॉक्सी वापरत असाल तर हेल्थ चेक (बॅकएंड चालू आहे का हे प्रॉक्सी अधूनमधून तपासतो ते) वेगळा बघावा लागतो. ट्रॅफिक १.१ ने जातोय, पण नुसतं ऑप्शन एचटीटीपीचेक लिहिलं तर चेक मात्र ऑप्शन्स मेथडने, १.० मधे आणि होस्ट हेडरशिवाय जातो. मागे एन्व्हॉय असेल किंवा होस्ट मागणारा फ्रेमवर्क असेल तर चांगले चालणारे सर्व्हर डाउन दाखवले जातात. २.२ पासून एचटीटीपी-चेक सेंड आहे, त्यात गेट, हेल्थचा पाथ, व्हर्जन १.१ आणि होस्ट चारही लिहा, रीलोड करा आणि स्टॅट्स पेजवर एल७ओके (चेक पास झाल्याची खूण) आणि २०० दिसतंय का बघा.