पावसाआधी बहाव्याच्या शेंगा उतरवून घ्या

मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीचे दोन-तीन आठवडे बहावा असलेल्यांसाठी कामाचे असतात, आणि नेमके याच दिवसांत सगळे पिवळ्या घोसांचे फोटो काढण्यात दंग. औषधाचा मुख्य भाग त्या घोसांच्या मधून लोंबणाऱ्या काळ्या, गोल, हातभर लांब शेंगांत असतो. ही शेंग गेल्या उन्हाळ्यातल्या फुलाची. ती पिकायला जवळजवळ वर्ष घेते, म्हणून नवी फुलं आणि जुन्या शेंगा एकाच वेळी झाडावर दिसतात. माघ-फाल्गुनापासून शेंगा उतरवण्याजोग्या होतात. ज्यांनी तेव्हा उतरवल्या नाहीत त्यांनी आता दिरंगाई करू नये. पावसात भिजलेली शेंग तडकली, की आतल्या गोडसर गराला लगेच बुरशी धरते आणि मग ती कोणीही घेत नाही.

आधी झाडाची खात्री करा. मुंबईच्या रस्त्यांवर या दिवसांत पिवळं फुलणारं प्रत्येक झाड बहावा नसतं. सोनमोहराचे तुरे वर उभे असतात आणि शेंगा चपट्या, तांबूस. कासोदाच्याही शेंगा चपट्याच. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, आणि शेंग हातात घेतली की पूर्ण गोल, गुळगुळीत, काळपट तपकिरी लागते. शंका असेल तर एक फोडून बघा. आत आडव्या पातळ पडद्यांचे कप्पे असतात, नाण्यांची चवड लावावी तसे. प्रत्येक कप्प्यात एक चपटं, चकचकीत तपकिरी बी आणि पडद्याला चिकटलेला काळा, चिकट गर. वास जरा उग्र, चव गोड. हाच बहाव्याचा मगज.

शेंगा काठीने झोडपून पाडू नका. आपटून फुटलेली शेंग औषधाला निकामी होते, शिवाय कोवळ्या फांद्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. आकडीने देठ तोडा आणि खाली गोणपाट धरा. आता प्रतवारी. शेंग कानाशी धरून हलवायची. जी जड आहे आणि वाजत नाही तिच्यातला गर ओला, भरलेला आहे, ती औषधाची. जी खुळखुळते तिच्यातला गर सुकून बी सुटं झालंय, ती बियाण्याची. बारीक गोल भोकं पडलेल्या शेंगा बाजूला काढा, त्यांत कीड गेलेली असते. हिरव्या शेंगा झाडावरच राहू द्या.

आयुर्वेदात हा आरग्वध. चरकसंहितेत सौम्य रेचकांमध्ये याला पहिलं स्थान दिलंय, आणि त्याच ग्रंथाच्या कल्पस्थान या भागात शेंगेची साठवणही सांगितलीय: पिकलेली फळं सात रात्री वाळूत ठेवायची, मग उन्हात सुकवायची, गर काढून स्वच्छ भांड्यात भरायचा. आजही यात बदलावं असं फारसं काही नाही. फक्त वाळू नदीची, धुऊन कडकडीत वाळवलेली घ्या. गोराई-मनोरीकडे किनाऱ्याची वाळू हाताशी असते, पण ती खारी असते आणि दमट हवेत ओल धरते. ती वापरू नये. मेअखेरचं ऊन मुंबईत कडक असलं तरी हवेत बाष्प भरपूर, तेव्हा वाळवण दुपारी चार वाजता उचलून आत घ्यायचंच. रात्री गच्चीवर राहिलं तर दिवसभराची मेहनत पाण्यात. माझं मत विचाराल तर पावसाळ्यापुरता गर काढूच नका. अख्खी शेंग कोरड्या डब्यात जास्त टिकते, उघडा गर चार दमट दिवसांत आंबतो. लागेल तेवढाच काढावा.

वापराबद्दल. मगज पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून पोट साफ होण्यासाठी देण्याची पद्धत जुनी आहे. हा गुण खरा आहे, सोनामुखीत असतात त्याच जातीची रेचक द्रव्यं यात आहेत. म्हणूनच ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’ असं म्हणून ते कोणालाही देऊ नये. गरोदर बाई, लहान मूल, जुलाब लागलेला माणूस, आधीच इतर गोळ्या चालू असलेले आजी-आजोबा, यांना तर वैद्याने सांगितल्याशिवाय अजिबात नाही. मात्रा मी इथे देणार नाही, ती माणूस पाहून ठरते. वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे विचारता येतं. बिया आणि कच्ची शेंग खाण्याची नाही. मुलं खेळताना शेंगा फोडतात आणि गोड लागतं म्हणून चाटतात, सोसायटीच्या माळ्यांनी याकडे लक्ष ठेवावं.

पानांचा उपयोग त्वचेसाठी. चरकाच्या सूत्रस्थानात ‘आरग्वधीय’ नावाचा अख्खा अध्याय आहे आणि त्यातल्या पहिल्याच लेपात बहाव्यासोबत टाकळा आणि करंज येतात. तिन्ही झाडं-रोपं मुंबईत पावलोपावली. टाकळा तर पहिल्या सरीनंतर आठवड्यात आरेच्या पाड्यांभोवती उगवलेला दिसेल. गजकर्णावर बहाव्याचा पाला वाटून लावण्याची रीत अजून आहे. पण पावसाळ्यात होणारं गजकर्ण हल्ली बऱ्याचदा स्टेरॉइडच्या मलमांनी चिघळवलेलं असतं. त्यावर पाला चोळत बसण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरकडे जाणं शहाणपणाचं.

फुलांची भाजी करतात आणि गुलकंदही करतात. वाडीतल्या, फवारणी न झालेल्या झाडाची फुलं जरूर घ्या. हमरस्त्यावरच्या झाडाची, किंवा डासांसाठी धूर मारलेल्या आवारातली घेऊ नका. शेंगेचं तसं नाही. तिचं कवच जाड असतं, बाहेरून धुतलं की काम झालं.

कुठून घ्यायच्या, हेही बघा. वाडीतलं, अंगणातलं झाड तुमचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून मात्र शेंग, बी, पान काही उचलायचं नाही, तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. आणि स्वतःच्या आवारातल्या झाडाची फांदी छाटायची झाली तरी १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पावसापूर्वीची छाटणी होणारच असेल तर कामगार येण्याआधी शेंगा उतरवून घ्या, नाहीतर फांद्यांबरोबर त्याही गाडीत जातात. वाळल्या, धोकादायक फांद्या काढणं ठीक. ‘जरा मोकळं दिसू दे’ म्हणून सरसकट बोडकं केलेलं झाड पुढच्या वर्षी ना फुलत ना शेंगा देत.

आता लागवड. खुळखुळणाऱ्या शेंगांतलं बी धुऊन गर पूर्ण काढा. कवच इतकं टणक असतं की तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. थोडं बी असेल तर प्रत्येकाची एक कड पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा, मग चोवीस तास पाण्यात ठेवा. जे फुगलं ते पेरा. न फुगलेलं पुन्हा घासा. मोठ्या रोपवाटिकांत गंधकाम्ल वापरतात, पण ते सवयीच्या हाताचं काम आहे, घरच्या गॅलरीत नको. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन पिशव्या भरा, बी बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. पावसाच्या थेट माऱ्याखाली पिशव्या ठेवल्या तर रोपं कुजतात, वर शेडनेट किंवा जुना प्लॅस्टिकचा कागद आडोशाला हवा.

आज पेरलेलं रोप याच पावसाळ्यात जमिनीत लावायचं नाही. ते पुढच्या वर्षीचं. यंदा लावायचं असेल तर रोपवाटिकेतून वर्ष-दोन वर्षांचं रोप आणा आणि पिशवीच्या तळाशी मुळं गोल गुंडाळली आहेत का ते पाहून घ्या. खड्डा दोन फुटी, आत्ताच खणून उन्हात तापू द्या. लावणी पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या शेवटी किंवा जुलैत. ऊन भरपूर आणि पाण्याचा निचरा या दोन गोष्टी नसतील तर बहावा लावू नका. खाडीलगतच्या, पाणी तुंबणाऱ्या जागेत तो खुरटतो. भरावाच्या जमिनीत डेब्रिज काढून चांगली माती घाला. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवू नका, निदान तीन-चार फूट मोकळी माती ठेवा.

वाडीच्या बांधाला हे झाड बरं. गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि उन्हाळ्यात पान गळत असल्याने खालच्या भाजीला ऊन मिळतं. शेंगा धरतात म्हणून ते कडधान्यांसारखं जमिनीत नत्र बांधेल अशी आशा मात्र ठेवू नका, बहाव्याच्या मुळांना तशा गाठी येत नाहीत. आणि शेंगांच्या विक्रीवर हिशेब मांडून लावू नका. बियाण्याच्या झाडाला फुलायलाच चार-पाच वर्षं किंवा जास्तही लागतात. भुलेश्वर-मस्जिद बंदरकडच्या काष्ठौषधीच्या दुकानदाराशी आधी बोलून घ्या, कशी शेंग आणि किती घेणार ते.

दरवर्षी मोबाइलवर फिरणारा एक निरोप यंदाही आला असेलच: बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस. मुंबईत दोन शेजारच्या इमारतींतले बहावे महिनाभराच्या अंतराने फुलतात, कोणता धरणार? भाताचा राब, म्हणजे रोपांचा वाफा, हवामान खात्याचा अंदाज बघूनच पेरा.

जुलैत नव्या पालवीवर फिकट हिरव्या अळ्या दिसतील. त्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या. मोठ्या झाडाचं त्या काही बिघडवत नाहीत, औषध मारू नका. पिशवीतल्या रोपावर असतील तर हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडा.