आत्मा देऊन सूर मिळवलेलं पात्र कसं उभं करावं

ठाण्यात आम्ही शनिवारी टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. तिथे गवई किंवा वादक खेळायची इच्छा घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण हीच कल्पना आणतात: पात्राने सैतानाला आत्मा दिला आणि बदल्यात कला मिळवली. कल्पना उत्तम आहे. तिची माती होते ती सगळीकडे मिळणाऱ्या ठरावीक सल्ल्यामुळे. काळा झगा, पडका चेहरा, अनाथ बालपण, आणि ‘मेल्यावर तो माझा आत्मा नेणार आहे’ हे एक वाक्य. एवढ्यावर पात्र दुसऱ्या सेशनपर्यंतही, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या बैठकीपर्यंतही टिकत नाही.

मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम धरून सांगतो. शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा कागद, भरता येतं हे गृहीत आहे.

आकड्यांचं काम दहा मिनिटांचं. सर्वांत मोठा आकडा करिझ्माला (पात्राची छाप पाडण्याची ताकद), पहिली लेव्हल वॉरलॉकची (करारातून जादू मिळवणारा), पॅट्रन (करारातली समोरची शक्ती) फीन्ड, म्हणजे सैतानी, दुसऱ्या लेव्हलपासून बार्ड (गाण्यावाजवण्यातून जादू करणारा). हे मिश्रण करायला करिझ्मा किमान 13 लागतो, तो असेलच. वॉरलॉकच्या कौशल्यांच्या यादीत परफॉर्मन्स नाही, म्हणून पार्श्वभूमी एंटरटेनर घ्या. वाद्यही तिथूनच मिळतं.

क्रम मात्र बदलू नका. बार्डपासून सुरुवात करून मध्येच वॉरलॉकची एक लेव्हल उचला, एल्ड्रिच ब्लास्ट हा जादूचा मारा फुकट पदरात पडतो, असं तुम्हाला दहा जण सांगतील. मारामारीचा हिशेब बरोबर आहे, पण गोष्ट उलटी होते: कला आधी आणि करार नंतर. मग करार केला कशासाठी? 2024 च्या नियमांनी खेळत असाल तर पॅट्रन तिसऱ्या लेव्हलला ठरतो. तिथे पात्राला तोवर समोरचा कोण हेच ठाऊक नव्हतं, असं धरा. छान जमतं.

आता करार. मला सर्वांत जास्त छळलेली पायरी हीच, आणि लोक हिच्यावरच सर्वांत कमी वेळ घालवतात.

आधी ठरवा की करारापूर्वी पात्राला किती येत होतं, आणि ते कुणी ऐकलं होतं. या कथेचा सर्वांत प्रसिद्ध नायक अमेरिकेतल्या मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन. त्याने 1936 आणि 1937 मध्ये 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी तो गेला. चौरस्त्यावर सैतान भेटल्याची आख्यायिका त्याला का चिकटली? आधी त्याची गिटार लोकांना ऐकवत नव्हती, मग तो काही काळ गावातून दिसेनासा झाला आणि परतला तो हात तयार करूनच. त्याचा मधला रियाज त्या लोकांनी पाहिला नव्हता. तुमच्या पात्रालाही असा न दिसलेला काळ द्या, आणि आधीचं बेसूर वाजवणं ऐकलेला एक जिवंत साक्षीदार द्या. माझ्या मते तो गुरूच असावा. ज्याने गंडा बांधला, त्याला शिष्याचा हात ओळखू येतो. परत आलेल्या शिष्याचं वाजवणं ऐकून ‘हे माझ्याकडून आलेलं नाही’ एवढंच तो म्हणाला, तरी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, पुढच्या कितीतरी रात्री पुरेल.

मग किंमत. मृत्यूनंतर वसूल होणारी किंमत टेबलावर निरुपयोगी आहे, कारण बहुतेक कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी, त्याआधीच संपतात. किंमत साध्यासुध्या सेशनमध्ये, खेळाडूला निवड करायला लावेल अशीच हवी. आमच्याकडे वाशीहून येणाऱ्या एका मुलीने सारंगीवाली केली होती. करार असा: एकदा ऐकलेली कुठलीही चाल तिला वाजवता येईल, पण जी चाल ती मोबदला घेऊन वाजवेल, ती पुन्हा तिला सूर म्हणून ऐकू येणार नाही, फक्त तारेवर गज घासल्याचा आवाज येईल. पुढे एका सराईवाल्याने सगळ्यांना लपवायच्या बदल्यात नेमकी तिच्या आईची अंगाई मागितली. फासा टाकायची गरजच पडली नाही.

कलमं तीनच वाक्यांत लिहा: काय मागितलं, काय मिळालं, काय जातं. ‘मिळालं’ हे ‘मागितलं’पेक्षा किंचित वेगळं ठेवा. दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. वाजवणंच बंद पाडणारं कलम नको, कारण मग खेळायला काही उरत नाही. आणि किंमत बाकीच्या खेळाडूंच्या पात्रांकडून वसूल होईल असं तर मुळीच नको. त्यांनी कशावरही सही केलेली नाही.

पॅट्रनला आपल्याकडचं रूप द्यायचा मोह होतो, आणि तिठ्यावरचा वेताळ लगेच आठवतो. त्याला घेऊ नका. कोकणातल्या कितीतरी गावांत वेताळ हे ग्रामदैवत आहे, ठाण्यात तर कोकणातली घरं गल्लोगल्ली आहेत, आणि टेबलावर बसलेल्या कुणाच्या घरी त्याला नारळ दिला जात असेल. नवा, बिननावाचा कुणीतरी घडवा. तिठा तेवढा खुशाल ठेवा.

खेळताना एक बारकावा वापरा, तो नियमांनीच हातात दिला आहे. वॉरलॉकचे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरताना खर्च होणारा मोजका साठा, तासाभराच्या छोट्या विश्रांतीत परत येतात, बार्डचे रात्रभर झोपल्यावर. म्हणजे उसनी ताकद लवकर भरते आणि स्वतःची उशिरा. बार्डचे स्पेल पॅट्रनच्या, म्हणजे वॉरलॉकच्या, स्लॉटमधूनही वापरता येतात, म्हणून प्रत्येक वेळी कुठला स्लॉट खर्च केला ते मोठ्याने सांगा आणि वर्णन बदला. स्वतःच्या स्लॉटमधून वाजवलं तर बोटं दुखतात, घाम येतो. पॅट्रनच्या स्लॉटमधून वाजवलं तर काहीच लागत नाही, वाद्य आपणहून सुरात असतं. चार-पाच सेशननंतर बाकीचे खेळाडूच विचारायला लागतात की आत्ता कोण वाजवत होतं.

नाव, पोशाख, चेहरा शेवटी ठरवा. करार कागदावर उतरवून सेशन झीरोच्या, म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच्या तयारीच्या बैठकीच्या, आधी डीएमला द्या, आणि एक चौथी ओळ कोरी सोडा. ती डीएमने भरायची आणि तुम्हाला दाखवायची नाही.