इंदूरला नवीन आलात? गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा

पुण्या-नाशकाकडून बदलीवर आलेली मंडळी शाळा, गॅस, भाड्याचं घर या सगळ्याची चौकशी करतात. गाडी कशी लावायची, हे कोणी विचारत नाही. मी मात्र भेटेल त्याला आधी तेच सांगते: इथे गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या, म्हणजे निघताना सरळ पुढे निघता येईल.

कारण इंदूरच्या सकाळीत आहे. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येत गेलं, त्यामागे दारोदार फिरणाऱ्या कचरागाड्या आहेत. पिवळी गाडी गल्लीत शिरली की घराघरांतून माणसं ओला आणि सुका कचरा वेगळा घेऊन बाहेर येतात. तीच वेळ शाळेच्या रिक्षांची, दूधवाल्याची, आणि तुमची ऑफिसला निघण्याची. रामबाग, लोकमान्य नगरसारख्या जुन्या वस्त्यांत फाटक उघडलं की समोर थेट गल्ली. अशा वेळी गाडी मागे घेत बाहेर काढलीत, तर कंपाउंडच्या भिंतीपलीकडे काय आहे ते दिसायच्या आत डिकी रस्त्यात गेलेली असते. डिकीमागे उभं असलेलं लहान मूल आरशात दिसतच नाही. ई-रिक्षाचा तर आवाजही येत नाही.

रिव्हर्स कधीतरी घ्यावाच लागतो. तो आत जाताना घ्यायचा की बाहेर येताना, एवढंच आपल्या हातात असतं. आत जाताना ती जागा नुकतीच डोळ्यांखालून गेलेली असते, आणि भिंतींमधल्या रिकाम्या जागेत सहसा कोणी चालत नाही. बाहेर येताना मात्र समोर वाहता रस्ता असतो. म्हणून मागे जायचं ते रिकाम्या जागेत.

शिवाय ते सोपंही पडतं. वळतात ती पुढची चाकं. सरळ आत शिरताना मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात, त्यामुळे शेजारच्या गाडीला दार घासतं. रिव्हर्समध्ये न वळणारी चाकं आधी जागेत बसतात आणि पुढचा भाग नंतर फिरवून सरळ करता येतो. अरुंद बेसमेंटमध्ये हा फरक लगेच कळतो. लक्ष ठेवायचं ते पुढच्या कोपऱ्यावर, कारण तो वळणाच्या उलट दिशेला बाहेर फेकला जातो. पार्किंगवाला मागे उभा राहून ‘आने दो, आने दो’ म्हणत असतो तेव्हा त्याची नजर तुमच्या मागच्या बंपरवर असते; पुढच्या कोपऱ्याजवळची स्कूटर त्याला दिसत नाही. ती तुम्हीच बघा.

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, म्हणून नवीन गाडी असेल तर ते असतीलच. पण बारीक खांब, बुटका कट्टा, झोपलेलं कुत्रं त्यांच्या नजरेतून सुटू शकतं. काच खाली करा, गाणी बंद करा आणि चालण्याच्या वेगापेक्षाही हळू मागे या.

दुचाकीला तर हे दुपटीने लागू. स्कूटरला रिव्हर्स गियर नाही, आणि रस्त्याचा उतार बहुधा कडेकडे असतो. नाक फुटपाथकडे करून लावलीत, तर परतताना दोन्ही हातांत पिशव्या आणि गाडी चढावर मागे ओढायची! मागचं चाक फुटपाथकडे ठेवा.

काही ठिकाणी मात्र सरळच लावा. तिरप्या पट्ट्या आखलेल्या असतील तिथे रचनाच सरळ शिरण्यासाठी असते. सियागंजच्या घाऊक बाजारातून वर्षाचा किराणा भरायचा असेल तर डिकी मोकळ्या बाजूला हवी. आणि सोसायटीत तळमजल्याच्या खिडक्या पार्किंगला लागून असतील तर सायलेन्सरचा धूर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. ‘गाडी सीधी लगाएँ’ अशी पाटी दिसली तर त्यामागे बहुधा हेच असतं. ती पाळा, शेजार नवा असताना या गोष्टी लोक लक्षात ठेवतात.

राजवाड्याकडे आणि सराफ्यात गाडी नेऊच नका. रात्री सराफ्याची दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्या लागतात आणि गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. सुभाष चौकातल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावून चालत जा. रंगपंचमीला गेर म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चालते देखावे, निघतात. त्या दिवशी तो सगळा भाग गाडीसाठी नाहीच असं समजा. बाजारात एकामागे एक गाड्या लावतात तिथे पार्किंगवाला हँडब्रेक न लावता न्यूट्रलमध्ये सोडायला सांगेल. जमीन सपाट असेल तरच ऐका, आणि चाकं सरळ करून उतरा. वळलेल्या चाकांची गाडी ढकलली की शेजारच्या गाडीवर जाते.

एमएच पाटीची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र आणून इथे नोंदणी करावी लागते. बीएच मालिकेच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या नोंदणीच्या गाडीला ते लागत नाही.

रिव्हर्सची भीती वाटत असेल तर रविवारी सकाळी सोसायटीचं पार्किंग रिकामं असताना सराव करा. आधी उजव्या हाताची जागा घ्या: आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतून पट्टी थेट दिसते. जागेच्या थोडं पुढे जा, शेजारच्या गाड्यांपासून मीटरभर अंतर राखा, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून सावकाश मागे या, आणि दोन्ही आरशांत पट्ट्या सारख्या दिसू लागल्या की चाकं सरळ करा. डावी बाजू नंतर. तिथे डावा आरसा थोडा खाली झुकवून घ्या, म्हणजे मागचं चाक आणि पट्टी एकत्र दिसतील.