घनाकृती मेश कसा बारीक करावा आणि एलिमेंट कोणता निवडावा

वडोदऱ्यात १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाच्या परंपरेत शिकणारे विद्यार्थी असोत किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे तरुण डिझायनर असोत, सिम्युलेशनविषयी, म्हणजे भाराखाली वस्तू कशी वागेल हे संगणकावर पाहण्याविषयी, बहुतेकांचा पहिला प्रश्न मेश, म्हणजे वस्तूची छोट्या तुकड्यांत केलेली विभागणी, किती बारीक करावा हाच असतो. माझ्या मते त्याआधी एलिमेंट, म्हणजे त्या तुकड्याचा प्रकार, कोणता हे ठरले पाहिजे, कारण चुकीचा एलिमेंट कितीही बारीक केला तरी योग्य उत्तराकडे फार संथपणे सरकतो.

उदाहरणासाठी पोलादाचा काटकोनी ब्रॅकेट घेऊ. त्याची आडवी बाजू १०० मिमी पुढे आलेली, ६० मिमी रुंद आणि १० मिमी जाड आहे. टोकावर ५०० न्यूटन भार आहे आणि उभी बाजू पक्की जखडलेली आहे. संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा. साध्या तुळईच्या सूत्राने मुळाशी प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस, ५० मेगापास्कल येतो, मुळापासून अर्ध्या अंतरावर २५ मेगापास्कल, आणि टोकाचा वाक सुमारे ०.१७ मिमी. अर्ध्या अंतरावरचा आकडा विशेष उपयोगी आहे, कारण कोपऱ्याचा परिणाम तिथे पोहोचत नाही. तोच जुळला नाही तर भार, आधार किंवा एकके तपासावीत.

आता एलिमेंट. चार नोडांचा, म्हणजे चार जोडबिंदूंचा, टेट्राहेड्रॉन (चार पृष्ठांचा तुकडा) सॉफ्टवेअर चटकन तयार करते, पण त्याच्या आत विकृती, म्हणजे स्ट्रेन, सर्वत्र सारखीच धरलेली असल्यामुळे तो वाकताना खऱ्या धातूपेक्षा फार ताठ वागतो आणि वाक कमी दाखवतो. कमी वाक पाहून वस्तू भक्कम आहे असे समजणे धोक्याचे असते. त्याऐवजी दहा नोडांचा टेट्राहेड्रॉन घ्यावा. गुंतागुंतीच्या आकारांसाठी मी नेहमी तोच सुचवतो, आणि जाडीत दोन थर दिले की वाक सहसा चांगला पकडला जातो. आकार साधा असेल तर आठ नोडांचा हेक्साहेड्रॉन (विटेसारखा सहा पृष्ठांचा तुकडा) किफायतशीर ठरतो, मात्र त्याचे पूर्ण इंटिग्रेशनचे, म्हणजे एलिमेंटच्या आत अधिक बिंदूंवर हिशेब करणारे, मूळ रूप वाकताना शिअर लॉकिंगने अडकते, म्हणजे खोटा ताठपणा दाखवते, आणि कमी इंटिग्रेशनचे, म्हणजे कमी बिंदूंवर हिशेब करणारे, रूप निवडल्यास जाडीत किमान चार थर द्यावे लागतात, नाहीतर अवरग्लासिंग होऊन एलिमेंट जवळजवळ विरोधाशिवाय विकृत होतात. पातळ पत्र्याला घन एलिमेंट न लावता शेल एलिमेंट, म्हणजे जाडी केवळ आकड्याने दिलेला पृष्ठभागाचा एलिमेंट, वापरावा. रबरासारख्या जवळजवळ असंपीड्य, म्हणजे दाबूनही आकारमान न घटणाऱ्या, पदार्थाला हायब्रिड एलिमेंट, म्हणजे दाबाचा हिशेब वेगळा ठेवणारा एलिमेंट, लागतो.

यानंतर मेश बारीक करण्याची पायरी येते. सगळीकडे एलिमेंटचा आकार निम्मा केला तर त्यांची संख्या सुमारे आठपट होते, म्हणून जिथे प्रतिबल झपाट्याने बदलते तिथेच बारीक करावे: आतला कोपरा आणि बोल्टच्या भोकांच्या कडा. कोपऱ्याच्या गोलाईवर पाच-सहा एलिमेंट तरी असावेत, आणि तिथून दूर जाताना आकार हळूहळू, शेजाऱ्याच्या साधारण सव्वापटीने, वाढवावा.

मी सुरुवातीच्या काळात अशाच एका ब्रॅकेटचा आतला कोपरा गोलाई न देता धारदार ठेवला होता. दर वेळी मेश बारीक केला की कमाल प्रतिबल वाढतच जाई, आणि माझे दोन दिवस त्यात गेले. आत वळलेल्या धारदार कोपऱ्यावर लवचिक सिद्धांतानुसार प्रतिबल अमर्याद असते, त्यामुळे तो आकडा स्थिरावणे शक्यच नव्हते. प्रत्यक्ष भागावर असलेली गोलाई मॉडेलमध्येही ठेवावी. जखडलेल्या पृष्ठभागाच्या कडेवरचे आकडे याच कारणाने ग्राह्य धरू नयेत.

शेवटी गोलाईपाशी ४, २ आणि १ मिमी असे तीन मेश चालवून कमाल प्रतिबलाची तुलना करावी. शेवटच्या दोहोंतील फरक पाच टक्क्यांच्या आत आला की मी थांबतो. त्याच वेळी प्रतिबलाचे सरासरी न काढलेले चित्रही उघडून पाहावे. शेजारच्या एलिमेंटांच्या सीमेवर रंगांची मोठी उडी दिसली, तर त्या जागी मेश अजून पुरेसा बारीक नाही.