सायकल, गाडी की एसटी? कोकणात रोजच्या प्रवासाचा हिशेब असा मांडा

कोकणात नुसत्या किलोमीटरवर भागत नाही. घर खाडीकाठी, रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि बाजारपेठ परत खाली असली की सहा किलोमीटरलाही दम निघतो. म्हणून आधी रस्ता बघा, वाहन मागाहून.

1. आठवड्याच्या फेऱ्या कागदावर लिहा. कुठे, किती वाजता, परत कधी आणि हातात ओझं काय. नोकरी, बाजार, दवाखाना वेगवेगळे लिहा. सगळ्याला एकच वाहन पुरवायच्या हट्टानेच खर्च वाढतो.

2. चढ तपासा. गुहागरात खालचा पाट ते वरचा पाट या गावाच्या दोन भागांत साधी सायकल मजेत चालते. शृंगारतळीकडे निघालात की गिअर लागतात. सुट्टीच्या दिवशी रस्ता एकदा सायकलने करून बघा, आणि येताना उन्हात. सकाळच्या गारव्यातली चाचणी फसवी असते.

सायकल ठरली तर दोन गोष्टींवर काटकसर नको. एक, ब्रेक: पावसात रिम ओली झाली की साधे ब्रेक उशिरा धरतात, उताराच्या रस्त्याला डिस्क ब्रेक बरे. दुसरी, चेन: खाऱ्या हवेत ती बघता बघता तांबूस होते. गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, मग कडीकडीवर तेलाचा थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. तेल राहिलं की त्याला जांभ्याची धूळ चिकटते. मडगार्ड नसेल तर पावसाळ्यात पाठीवर लाल पट्टा ठरलेला.

3. एसटीची परतीची गाडी आधी विचारा. जायला गाडी मिळतेच. अडतं ते येताना. तुमच्या गावाला वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्काम करणारी गाडी असेल तर संध्याकाळचं येणं आणि सकाळचं जाणं दोन्ही सुटलं. चौकशी डेपोत करा, शिवाय थांब्यावरच्या टपरीवाल्यालाही विचारा. गाडी खरी कधी येते ते त्याला ठाऊक असतं. रोजचं जाणं असेल तर मासिक पास काढा: 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास होतो. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत.

रेल्वे रोजच्या कामाला धरताना स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचं भाडंही हिशेबात धरा. रत्नागिरीचं स्टेशन कुवारबावला, सावंतवाडीचं मळगावला. शहरापासून दोन्ही लांबच.

4. खाडी आडवी असेल तर फेरीबोट बघा. धोपावे-दाभोळ फेरीत सायकल, दुचाकी, चारचाकी सगळं चढतं, आणि चिपळूणवरून पडणारा मोठा वळसा वाचतो. मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा दुचाकीवाले बरे सुटतात.

5. स्वतःच्या चारचाकी गाडीचा खर्च नुसत्या पेट्रोलवर धरू नका. पेट्रोल 105 रुपये आणि लिटरला 15 किलोमीटर धरले तरी किलोमीटरला 7 रुपये होतात. विमा, सर्व्हिसिंग, गंज वेगळे. ऑफिसला एकट्याने जायला हे महागच. म्हातारी माणसं, रात्रीचा दवाखाना, आंब्याच्या पेट्या यांना मात्र गाडीच हवी. ती नसेल तर वाडीतल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर ठेवा. त्यातला एक तरी रात्री फोन उचलणारा असू दे.