पेठेचा नकाशा काढायचा तर आधी पिशवी हातात घ्या

आम्ही १९८७ च्या मार्चमध्ये दहावीला बसलेली मुलंमुली. शाळा सांगलीतली, बहुतेकांची घरं गावभागात, हरभट रोडच्या मागच्या अंगाला. गेल्या दिवाळीत आम्ही सहा जणांनी मिळून आमची लहानपणची पेठ कागदावर उतरवली. प्रत्येक दुकान, प्रत्येक पायरी आणि आमचं टॉकीज. चार बैठका लागल्या. पहिली अख्खी वाया गेली, पण ती का वाया गेली हे कळलं आणि पुढचं सोपं झालं. तुम्हालाही शाळेतल्या मित्रमैत्रिणींबरोबर तुमची पेठ अशी मांडायची असेल, तर आम्हाला जे हाती लागलं ते सांगते.

पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांना विचारत होतो, "कोपऱ्यावर काय होतं रे?" उत्तर यायचं, "कसलं तरी दुकान होतं की." मग चहा व्हायचा, मग मुलांच्या नोकऱ्या, गुडघेदुखी, आणि पेठ राहायची बाजूला. उठता उठता गिरणीसमोर राहणारी मैत्रीण म्हणाली, "दळण टाकलं की पीठ होईपर्यंत मी हिंग आणायला जायची." बोलताना तिचा हात आपसूक उजवीकडे गेला. तिथंच आम्हाला किल्ली सापडली. हिंगाचं दुकान गिरणीच्या उजव्या हाताला होतं, आणि ते तिच्या डोक्यापेक्षा तिच्या हाताला जास्त पक्कं ठाऊक होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही : दुकान विचारू नका, काम विचारा. घरून तुला काय आणायला पाठवायचे? हातात काय असायचं, पिशवी, बरणी, किटली की रॉकेलचा डबा? पैसे रोख की वहीत मांडायचे? उरलेल्या वीस पैशांच्या षट्कोनी नाण्याचं काय घ्यायचास? रस्ता ओलांडायला लागायचा का? ऊन अंगावर यायचं की पाठीवर? या शेवटच्या प्रश्नानं तर आमचे दोन वाद मिटवले. सकाळी शाळेला जाताना ज्या दुकानाच्या फळ्या उन्हात असायच्या, ते पश्चिमेच्या बाजूला असणार, पूर्वेच्या नाही.

माणसं किती आणि कोण, यावर थोडं थांबते, कारण इथं बहुतेक जण चुकतात. अख्ख्या वर्गाला बोलावू नका. पन्नास जण जमले की स्नेहसंमेलन होतं, नकाशा होत नाही. पाच-सहा जण पुरेत, पण वेगवेगळ्या बोळांतले घ्या. त्यात मुलगे आणि मुली दोन्ही हवेत, हे मी आग्रहानं सांगते. आमच्यात मुलींना गिरणी, कासार, शिंपी, कंट्रोलचं दुकान आणि देवळासमोरची फुलवाली चोख आठवत होती. मुलांना तासावर सायकली देणारा, गोटी सोडावाला, पतंगाचा मांजा विकणारा आणि टॉकीजच्या मागची भिंत. एकाच रस्त्याच्या दोन पेठा होत्या. सायकलवाल्याच्या दारावरून मी दहा वर्षं रोज गेले असेन, पण आत काय होतं ते मला परवा कळलं. तिथं पंक्चर काढायच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी उलटा डबा ठेवलेला असायचा, आणि त्यावर बसून मुलं आपली पाळी येईपर्यंत वाट बघायची.

एक जण दुकानदाराच्या घरातला हवाच. बाकीच्यांना दुकान समोरून माहीत असतं, त्याला माळा, मागचं दार आणि वखार माहीत असते. आणि एक जण असा घ्या, जो गाव सोडून कधी गेला नाही. तो आजचं आणि तेव्हाचं यांची गल्लत करतो खरा, पण कुठली इमारत कधी पडली हे त्यालाच ठाऊक असतं.

मग एक वर्ष ठरवा. "लहानपणची पेठ" असं काही नसतं. दुकानं बदलतात, आणि तुम्ही पाचवीतलं आणि दहावीतलं एकाच कागदावर मांडलंत तर एका गाळ्यात तीन दुकानं येऊन भांडणं लागतात. आम्ही १९८४ धरलं, कारण त्या वर्षातला एक दिवस सगळ्यांच्या मनात कोरलेला होता. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. दिवाळी नुकतीच झाली होती, अंगणात किल्ले होते. मी प्रत्येकाला विचारलं, बातमी कळली तेव्हा तू कुठं उभा होतास? एक जण म्हणाला, "रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं. माणसं रस्त्यापर्यंत आली होती." रेडिओ दुरुस्तीचं दुकान! आमच्यापैकी बाकी कुणालाच ते आठवलं नव्हतं. मग फळ्या कुणी आधी लावल्या, कुणी नंतर, ते निघत गेलं आणि अर्धी बाजू भरली. तुमच्या वर्गाचं वय पाहून असा एखादा दिवस निवडा. १९८३ च्या जूनमधला विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या, १९८७ च्या जानेवारीत सुरू झालेली रामायण मालिका घ्या, किंवा २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो म्हणून देवळापुढं रांगा लागल्या तो दिवस. आमच्या गणपतीच्या गावात तर तो दिवस कुणी विसरणं शक्यच नाही.

कागद मोठा घ्या. आम्ही कापडाच्या दुकानातला खाकी कागद आणला आणि जमिनीवर पसरला. टेबलावर ठेवू नका, सगळ्यांना भोवती बसता आलं पाहिजे. आधी जे हललेलं नाही ते मांडा : देऊळ, पिंपळाचा पार, आड, शाळेचं फाटक, नदीकडं उतरणारी वाट. आम्ही एका टोकाला गणपती मंदिर आणि दुसऱ्या टोकाला मारुती चौक लिहिला. नावांवर मात्र विसंबू नका. आमच्या स्टेशन चौकात आज स्टेशन नाही, नाव तेवढं उरलं आहे. चौकाचं नाव कशावरून पडलं याची चौकशी वेगळी करा, जागा मात्र न हललेल्या दगडावरूनच ठरवा.

त्यानंतर एकच बाजू धरून चाला. देवळाकडून निघा, डावा हात पूर्ण करा, मग परत येताना दुसरी बाजू. मध्येच पलीकडं उडी मारू देऊ नका. प्रत्येक दुकानाला पायऱ्या किती होत्या ते लिहा. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण कृष्णेकाठच्या गावात पायऱ्या म्हणजे पुराची आठवण असते. आमच्या किराणा दुकानाला पाच पायऱ्या होत्या आणि शेजारच्या शिंप्याला दोनच, म्हणून पाणी चढायला लागलं की शिंप्याची मशिनं किराणावाल्याच्या ओट्यावर यायची. ते दोघं एरवी एकमेकांशी फारसं बोलत नसत.

वास विचारायला विसरू नका. गरम पिठाचा, कल्हईच्या नवसागराचा, नव्या वह्यांचा, कोळशाच्या वखारीतला ओला वास. आणि सांगलीत हळद. वारा वळला की वखारभागाकडून हळदीचा वास यायचा, आणि त्यावरून एकीनं आपल्या खिडकीची दिशा सांगितली.

दुकानाचं नाव पाटीवरचं लिहू नका, तुम्ही ज्या नावानं हाक मारायचात ते लिहा. पाटीवरचं नाव आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. वाणीकाका, बोहरी, कोपऱ्यावरची मावशी, लाल दाराचा डॉक्टर, हीच खरी नावं. पाटी नंतर सापडली तर खाली बारीक अक्षरात घाला.

आता टॉकीज. यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवा. इथंही "कुठले सिनेमे बघितले" हा प्रश्न टाळा. त्यानं यादी होते, टॉकीज उभं राहत नाही. तिकीट खिडकीपासून सुरुवात करा. खिडकी केवढी होती? आमची मूठ जेमतेम आत जायची आणि तिकीट घेऊन बाहेर येताना मनगट खरचटायचं. रांगेच्या लोखंडी नळ्या छातीएवढ्या की डोक्याएवढ्या? बायकांची रांग कुठं? व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात सिनेमाचे फोटो टाचलेले असायचे, ते कुठल्या भिंतीवर? मग दारावरचा जाड पडदा, बॅटरीवाला डोअरकीपर, आत गेल्यावरचा अंधार. पिटातली बाकं कितव्या ओळीपर्यंत आणि खुर्च्या कुठून सुरू, पंखा कुठल्या खुर्चीवर फिरायचा आणि कुठल्या खुर्चीला लागायचाच नाही.

डोळे मिटून ऐकायलाही सांगा. तेव्हा केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे. वीस-एक मिनिटांचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर ठिपका दिसायचा, आणि ऑपरेटर दुसरं मशिन चालू करायचा. आमच्यातल्या एकाला तो ठिपका आठवत होता, कारण ऑपरेटर त्याच्या वाड्यात भाड्यानं राहायचा. त्यानं सांगितल्यावर बाकी सगळ्यांना तो दिसला. रीळ तुटलं की शिट्ट्या कुठून सुरू व्हायच्या, मध्यंतरात कुठल्या दारानं बाहेर पडून भडंग घ्यायचो, आणि शो सुटला की गर्दी कुठल्या बोळात शिरायची, यातून टॉकीजच्या चारही भिंती मिळाल्या.

आणि सगळ्यात मोठं घबाड म्हणजे काचेच्या स्लाइडी. सिनेमा सुरू होण्याआधी गावातल्या दुकानांच्या जाहिराती पडद्यावर यायच्या. साड्यांचं दुकान, चष्म्याचं दुकान, छापखाना, मिठाई. त्या स्लाइडी आम्ही शेकडो वेळा पाहिलेल्या. एकानं सुरुवात केली आणि क्रमानं सात दुकानं निघाली, त्यातली तीन आमच्याच पेठेतली आणि आमच्या कागदावर नसलेली. तुमच्याकडं हे करूनच बघा.

सिनेमावरून साल ठरवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. मुंबईत लागलेला सिनेमा जिल्ह्याच्या गावाला उशिरा यायचा, आणि गाजलेला असला तर मॅटिनीला वर्षानुवर्षं फिरून लागायचा. 'शोले' १९७५ च्या १५ ऑगस्टला प्रदर्शित झाला, पण आमच्यातल्या एकानं तो सातवीत असताना पाहिला आणि एकीनं दुसरीत. दोघंही खरं सांगत होते.

तिसऱ्या बैठकीत एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरं वाटत नाही. वह्या-पुस्तकांच्या दुकानाची पाळी आली आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, काका फार तिरसट. कंपासपेटीला हात लावू द्यायचे नाहीत, लांबूनच बघा म्हणायचे. त्यांची मुलगी आमच्यातच बसली होती. आमच्याच वर्गातली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा तो माल जांगडावर आणायचे रे. विकला नाही तर दिवाळीपर्यंत परत करायचा, पण ओरखडा पडलेला चालायचा नाही. पडला की ती पेटी आमच्याच गळ्यात. माझ्या दप्तरात कायम पोचे आलेली कंपासपेटी असायची, बघितली नाहीत का कधी?" आम्ही बघितली होती. पोचा कुणाच्या हातून पडला असेल, हा विचार चाळीस वर्षांत मनात आला नव्हता. मी तिचा हात धरला, दुसरं काही सुचलं नाही. तेव्हा दुकानदाराबद्दल मत लिहायच्या आधी त्याच्या घरातल्या कुणाला तरी विचारा. आणि उधाऱ्या, भाऊबंदकी, कोर्टकज्जे कागदावर आणू नका. त्या घरातली नातवंडं अजून त्याच रस्त्यानं जातात.

पुरावा शोधायला कपाटं उघडावी लागतात. आमच्याकडं अडचण अशी की २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनी गावभागातले अल्बम नेले. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथं धोक्याची पातळी ४५ आहे. ज्यांचे फोटो वाचलेत त्यांनी माणसांच्या मागं बघावं. वरातीच्या, मुंजीच्या, विसर्जन मिरवणुकीच्या फोटोत मागं पाट्या दिसतात. भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे ओढू नका, पापुद्रा निघतो. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, अलगद सुटले की चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा.

फोटो नसतील तर भांडी काढा. पाण्याला दाद न दिलेला दस्तऐवज म्हणजे स्टीलची भांडी. त्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते, आणि नाव कोरणारा कुठल्या दुकानाच्या ओट्यावर बसायचा हे आईला आठवतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, बक्षिसाच्या पुस्तकात विक्रेत्याचा शिक्का, वडिलांच्या सदऱ्याच्या कॉलरला शिंप्याची पट्टी. सिटी सर्व्हेच्या नकाशात गाळ्यांच्या रेषा मिळतात. तो शेवटी बघा, आधी बघितलात तर सगळे त्यातच बोट घालून बसतात आणि आठवणं थांबतं.

सगळं पेन्सिलनं लिहा. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही लिहा आणि पुढं कुणाचं म्हणणं आहे ते मांडा. खोडून एक ठेवायची घाई नको. आमच्या कागदावर गिरणी आणि शिंपी यांच्यामध्ये हातभर जागा रिकामी आहे. तिघांना तिथं बंद दार आठवतं, एकीला मेणबत्त्यांचा वास. वर्गातल्या एकाचा थोरला भाऊ इचलकरंजीला असतो, त्याला लहानपणी त्या दारातून काहीतरी आणायला पाठवायचे म्हणे. तो गणपतीला येणार आहे. कागद गुंडाळून माझ्याकडं ठेवला आहे, माळ्यावर, पाण्यापासून उंच.